वाचकांचे प्रश्न: पोरसचे हत्ती आणि नियमांची निवड

प्रश्न: आम्ही तिघे मित्र अनेक वर्षे बुद्धिबळ आणि पटावरचे इतर खेळ खेळत आलो आहोत. आता छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून प्राचीन लढाया खेळाव्यात, असे आम्ही ठरवले आहे. पहिली लढाई अलेक्झांडर आणि पोरस यांची, झेलमच्या काठची घ्यायची आहे. डीबीए, हेल सीझर, टू द स्ट्राँगेस्ट, ल आर्त द ला गेर अशी नियमसंचांची नावे वाचून आम्ही गोंधळलो आहोत. आमच्याजवळ जेवणाचे साडेचार फुटी टेबल आणि रविवारचे तीन तास आहेत. पुस्तकाचा खर्च एकदाच करायचा, तर कोणता नियमसंच घ्यावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आपले टेबल आणि आपला वेळ पाहता सुरुवात डीबीएने (डी बेलिस अँटिक्विटॅटिस) करावी, असे माझे मत आहे. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या या नियमांत प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या असतात, पंधरा मिलिमीटरच्या मूर्तींसाठी सुमारे दोन फूट चौरस जागा पुरते आणि सराव झाला की एक डाव तासाभरात संपतो. म्हणजे तीन तासांत आपण बाजू बदलून तीच लढाई पुन्हा खेळू शकता, आणि नवख्यांना त्याचा फार उपयोग होतो. पहिल्या डावात माणूस नियम शिकतो, लढाई त्याला दुसऱ्या डावातच दिसते.

नियमसंच निवडताना बहुतेक जण 'सर्वांत वास्तव कोणता?' असे विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की हे नियम आपल्याला रणांगणावर कोणाच्या जागी बसवतात. डीबीएमध्ये आपण सेनापती असता. भाला केवढा लांब, ढाल कशाची, यांची चौकशी तिथे होत नाही. आपल्या पाळीला एक फासा टाकायचा आणि जितका आकडा पडेल तितक्याच तुकड्या किंवा एकमेकींना चिकटून उभे असलेले तुकड्यांचे गट हलवायचे. गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाबरोबर खेळताना माझी मॅसिडोनियन फळी, म्हणजे अलेक्झांडरच्या लांब भालेवाल्या पायदळाची दाट रांग, मध्ये सरळ रेषेत उभी होती आणि उजवीकडचे घोडदळ शत्रूच्या मागे निघून गेले होते. नेमका त्या वेळी फासा एकावर पडला. फळी पुढे न्यावी तर घोडदळ एकटे सापडते, घोडदळ परत बोलवावे तर फळी बाणांखाली तशीच उभी राहते. मी घोडदळ हलवले, दोन पाळ्यांनंतर डाव हरलो, आणि घोडेस्वारांना इतक्या लांब पाठवायलाच नको होते हे मला त्या एका आकड्याने शिकवले. लढतीचा हिशेबही असाच आटोपशीर आहे. दोघांनी एकेक फासा टाकून त्यात तुकडीचे बळ मिळवायचे. कमी बेरीज असणारा सहसा मागे सरतो, आणि बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी झाली तर बहुधा बाद होतो. ज्याच्या चार तुकड्या गेल्या आणि शत्रूपेक्षा जास्त गेल्या, तो हरला. या नियमांची जुनी इंग्रजी भाषा मात्र इतकी आखडलेली आहे, की एकेक वाक्य सूत्रग्रंथासारखे सोडवावे लागते. म्हणून आकृत्यांसह आलेली तिसरी आवृत्तीच घ्यावी.

आता हत्तींविषयी. झेलमची लढाई खेळायची असेल तर कोणत्याही नियमसंचाची परीक्षा मी हत्तींवरच घेतो. इ.स.पू. ३२६ मधल्या या लढाईचे आपल्याजवळचे वर्णन ग्रीक-रोमन लेखकांचे, आणि तेही पुष्कळ नंतरचे आहे. ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो की हत्तींजवळ जायला घोडे तयार नव्हते. मॅसिडोनियन सैनिकांनी माहुतांवर आणि हत्तींवर भाले फेकले, आणि जखमी, कोंडलेल्या हत्तींनी आपला-परका न पाहता जो सापडेल त्याला तुडवले. तेव्हा नियमांत तीन गोष्टी शोधाव्यात. हत्तींसमोर घोडदळ दुबळे ठरते का? हलके पायदळ हत्तींना त्रास देऊ शकते का? आणि बिथरलेला हत्ती स्वतःच्या फौजेला महाग पडतो का? पहिल्या दोन गोष्टी डीबीएमध्ये चांगल्या उतरल्या आहेत. तिसरीसाठी घरचा एखादा नियम जोडावा लागला तर संकोच करू नये, फक्त तो डाव सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा.

हत्ती किती घ्यावेत, हा वादही आपल्याला सोडवावा लागेल, कारण तो नियमसंच सोडवत नाही. एरियनच्या मते पोरसजवळ २०० हत्ती होते, ग्रीक लेखक डायोडोरस १३० म्हणतो, रोमन लेखक कर्टियस ८५ सांगतो. एरियन असेही म्हणतो की हत्ती शंभर-शंभर फुटांवर उभे केले होते. दोनशे हत्ती एका ओळीत तसे उभे केले तर ओळ सुमारे सहा किलोमीटर लांब होते, आणि पोरसचे ३०,००० पायदळ तिच्यामागे विरळ पसरते. ८५ धरले तर ती अडीच किलोमीटरवर येते. मी स्वतः लहान आकडा धरून बारांपैकी दोन तुकड्या हत्तींच्या ठेवतो. तीन ठेवल्या की पाहुणे खूश होतात, पण भारतीय बाजू खेळणारा सगळा डाव हत्तींच्याच मागे धावतो आणि धनुर्धारी विसरतो. पोरसचा धनुर्धारी तर विसरण्यासारखा नाही. माणसाच्या उंचीएवढे धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून तो बाण सोडत असे. कर्टियसच्या म्हणण्यानुसार पावसाने जमीन निसरडी झाल्यामुळे त्या दिवशी धनुष्य टेकवायला आधारच मिळेना. रथही चिखलात रुतले. बाणांच्या माऱ्याच्या बेरजेतून एक वजा आणि रथांना निम्मी चाल, एवढ्या दोन दुरुस्त्यांनी पटावर त्या सकाळचा चिखल उतरतो.

बाकीच्या नावांविषयी थोडक्यात. रिक प्रिस्टली यांचे २०११ चे हेल सीझर मोठ्या टेबलासाठी आणि गप्पिष्ट मंडळींसाठी आहे. आपण काय करणार हे आधी मोठ्याने सांगायचे, मग दोन फासे टाकायचे. सेनानायकाला नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा बेरीज जितकी कमी, तितक्या जास्त चाली, तीनपर्यंत, आणि दोन्ही सहा पडले की हुकूम भलतीकडेच जातो. खेळ मजेचा आहे, पण साडेचार फुटी टेबलावर त्याचा जीव गुदमरतो. टू द स्ट्राँगेस्टमध्ये फाशांऐवजी पत्ते वापरतात आणि टेबलावर चौकोन आखलेले असतात, त्यामुळे मोजपट्टीवरून होणारी भांडणे मिटतात. बुद्धिबळाच्या पटाला सरावलेल्या आपल्यासारख्यांना ते आवडेल, म्हणून दुसऱ्या वर्षी त्याचा विचार करावा. ल आर्त द ला गेर स्पर्धांसाठी उत्तम आहे. प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते आणि दोन्ही बाजू सारख्याच, बहुधा दोनशे गुणांच्या फौजा उभ्या करतात, आणि झेलमसाठी अडचण तिथेच येते. एरियनच्या आकड्यांनुसार अलेक्झांडरबरोबर नदी ओलांडून आलेले पायदळ सुमारे सहा हजार आणि घोडेस्वार पाच हजार होते, तर समोर पोरसचे तीस हजार पायदळ आणि हत्ती. अशा दोन फौजा गुणांच्या तराजूत सारख्या होत नाहीत, आणि त्यांना तशा केल्या तर ती लढाई झेलमची राहत नाही. असमान लढाईत न्याय कसा करावा, हे फिलिप सेबिन यांच्या लॉस्ट बॅटल्समध्ये चांगले दिसते. दुबळ्या बाजूला इतिहासातल्यापेक्षा सरस कामगिरी करता आली, तर रणांगणावर हरूनही ती खेळात जिंकू शकते. पुस्तक अभ्यासूंसाठी आहे, पण ही कल्पना उसनी घ्यायला कोणाचीच हरकत नसावी.

आपण तिघे आहात, ही अडचण समजू नये. तिसऱ्याला पंच करावे. अलेक्झांडरने नदी रात्री, पावसात, छावणीपासून सुमारे सत्तावीस किलोमीटर वर जाऊन ओलांडली. अलेक्झांडर खेळणाऱ्याने नदी ओलांडण्याची आपली जागा कागदावर लिहून फक्त पंचाजवळ द्यावी, म्हणजे शत्रू कुठून येणार हा पेच पोरस खेळणाऱ्याला खरोखर जाणवेल.

प्रश्न: मूर्ती पंधरा मिलिमीटरच्या घ्याव्यात की अठ्ठावीस? त्या ज्या पट्टीवर चिकटवायच्या तिची रुंदी चुकली तर पुढे अडचण येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: जागा कमी असेल तर पंधरा. तिथे पट्टीची दर्शनी रुंदी सहसा चाळीस मिलिमीटर असते आणि मोठ्या मूर्तींना साठ. दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असली की बहुतेक नियमसंच चालतात, म्हणून एका नियमसंचासाठी चिकटवलेल्या मूर्ती दुसऱ्यासाठी उपटण्याची घाई करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूर्ती मागवण्याआधी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चाळीस मिलिमीटर रुंद तुकडे कापून त्यांवर 'हत्ती', 'धनुर्धारी', 'फळी' असे लिहावे आणि चार डाव खेळून पाहावे. परदेशातून आलेल्या मूर्तींवर वाहतूक आणि जकात धरून बराच खर्च होतो, आणि नियम आवडले नाहीत तर तो खर्च कपाटात पडून राहतो. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांवर ज्यांनी लहानपणी हात साफ केला आहे, त्यांना रंगकाम अवघड जाणार नाही. फक्त ब्रश बारीक हवा.

प्रश्न: याच नियमांनी शिवकाळातल्या लढाया खेळता येतील का? (एक वाचक, लंडन)

उत्तर: नाही. डीबीएचा आवाका इ.स.पू. ३००० पासून इ.स. १५०० पर्यंत आहे, त्यामुळे देवगिरीचे यादव त्यात बसतात आणि मराठे बसत नाहीत. बंदुका-तोफांच्या काळासाठी त्याच कुटुंबातला डीबीआर आहे. उघड्या मैदानावरची १६७२ ची साल्हेरची लढाई त्याने खेळून पाहावी. रसद तोडणे, रात्रीचा छापा आणि घाटातली अडवणूक मात्र समोरासमोर फौजा मांडून खेळण्याच्या कोणत्याच नियमांत नीट उतरत नाही. त्यासाठी नकाशावर मोहीम आखून, फौजा भिडतील तेव्हाच मूर्ती टेबलावर आणाव्या लागतील.