आशियातली शहरं आपत्तीच्या तयारीत आणि शाश्वत विकासात एकमेकांना खरंच मदत करतात का?

हो, करतात. १९८७ पासून चालणारं सिटीनेट हे अशा मदतीसाठीचं शहरांचं मोठं जाळं. त्याचं सचिवालय आधी जपानमधल्या योकोहामात होतं, २०१३ मध्ये ते दक्षिण कोरियातल्या सोलला गेलं. पण खरी मदत परिषदांपेक्षा दोन शहरांच्या थेट नात्यातून होते, असं माझं ठाम मत आहे. जपानच्या किताक्युशूचे कोजी ताकाकुरा इंडोनेशियात सुराबायाला गेले आणि तिथल्याच आंबवलेल्या पदार्थांतले सूक्ष्मजीव वापरून घरगुती कंपोस्टची टोपली तयार केली. यंत्र नाही, महागडी सामग्री नाही, त्यामुळे घरोघरी ती टिकली. ओला कचरा घरातच जिरला की नाल्यात जाणारा कचराही घटतो, आणि तुंबलेले नाले हे शहरी पुराचं मोठं कारण आहे. म्हणून कचरा आणि आपत्ती ही खाती वेगळी ठेवणाऱ्या पालिकांनी सुराबाया जरूर पाहावं.