मला दिसत नाही. रत्नागिरीत भाड्याच्या फ्लॅटवर मार्गदर्शक कुत्रा ठेवला, तर सोसायटी ठराव करून बंदी घालू शकते का?

नाही, नुसत्या ठरावाने अशी बंदी घालता येत नाही, मग तो सर्वसाधारण सभेत बहुमताने झालेला का असेना. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे. कुत्र्याला लिफ्टबंदीही करता येत नाही. तुमची बाजू आणखी भक्कम आहे, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या 'खाजगी आस्थापने'च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते आणि कलम ३ अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. मात्र या कायद्यात घरातल्या मदतनीस कुत्र्यासाठी वेगळं कलम नाही, हे सेक्रेटरीशी वाद घालण्याआधी लक्षात ठेवा.

खरी अडचण घरमालकाची. लिव्ह अँड लायसन्स करारात 'प्राणी पाळू नयेत' अशी अट असेल, तर सोसायटीविरुद्धचे हे मुद्दे तिथे तेवढे चालत नाहीत. म्हणून सही करण्याआधीच कुत्र्याचा उल्लेख करारात घालून घ्या आणि करार नोंदणीकृत करा. तोंडी 'चालेल हो' पुढे कुणाला आठवत नाही.

सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र, रेबीज लसीचं कार्ड आणि प्रशिक्षणाचा कागद जोडा. पावसाळ्यात जिन्यावर चिखलाचे पंजे उमटले की तक्रारी सुरू होतात, तेव्हा दाराशी जुना टॉवेल ठेवा. तरीही ऐकलं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.