रिसेलर पॅनेल लिहायला घेतोयस? मग हे आधी बघ

रिसेलर म्हणजे मोठ्या कंपनीकडून वेब होस्टिंग घेऊन स्वतःच्या नावाने विकणारा, आणि पॅनेल म्हणजे ती खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर. स्क्रीन कशी दिसेल ते नंतर. आधी अ‍ॅडमिन, रिसेलर आणि ग्राहक अशी तीन पातळ्यांची मालकी डेटाबेसमध्ये पक्की कर. नुसतं बटण लपवून भागत नाही. यूआरएलमधला आयडी बदलून शेजाऱ्याचं खातं उघडू पाहणारे महाभाग असतातच.

पॅनेल वाढवता यावं म्हणून काय करायचं, ते तयार होस्टिंग पॅनेल असलेल्या डायरेक्टअ‍ॅडमिनकडून शीक. खातं उघडण्याआधी आणि नंतर ते ठरलेल्या नावाची शेल स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) शोधतं, सापडली तर चालवतं. खातं उघडण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टने शून्य सोडून काहीही परत केलं की काम तिथेच थांबतं. मूळ कोडला हात लावावा लागत नाही. पण अशा स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च, अधिकारात चालवणार असशील, तर त्या टाकायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला. रिसेलरला वेबहुक (काही घडलं की त्याच्या सर्व्हरला आपोआप जाणारा निरोप) दे, तेही रांगेतून आणि टाइमआउट लावून. नाहीतर त्याचा बंद पडलेला सर्व्हर तुझं काम अडवून बसेल.

लोगो, रंग सगळेच बदलू देतात. पासवर्ड रीसेटच्या ईमेलमध्ये मूळ कंपनीचं नाव दिसलं की मात्र रिसेलरचं बिंग फुटतं! त्याचे टेम्प्लेट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, म्हणजे अपडेटमध्ये पुसले जाणार नाहीत.

बिलिंगकडून एकच विनंती दोनदा आली तरी खातं एकच उघडायला हवं.

आणि सीपॅनेल या दुसऱ्या होस्टिंग पॅनेलचा बॅकअप वाचणारं इम्पोर्ट लवकर लिही. २०१९ मध्ये त्यांनी परवान्याचे दर खात्यांच्या संख्येवर नेले, तेव्हापासून बरेच रिसेलर पर्याय शोधतायत.