जोडीदार गेल्यावर माणूस शरीरानंही खचतो का?

तुम्ही विचारलंय की आई जाऊन चार महिने झाले, वडील नीट जेवत नाहीत, सारखी चक्कर येते म्हणतात, तर हे दुःखानं होतंय का वयामुळं. मी सांगलीचा, वय ६३, माझी मिसेस जाऊन तीन वर्षं होतील आता, म्हणून लिहितोय.

दुःखानं होतंच, पण ते कुठनं कसं शिरतं ते बघा. आमच्याकडं सकाळी चहाच्या बशीत बीपीची गोळी असायची, ती ठेवायची आणि मी गिळायचो, गोळीचं नाव पण मला माहीत नव्हतं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले आणि बशीत गोळी येणं थांबलं. रात्री तीनला जाग आली की उजाडेपर्यंत फॅनकडं बघत पडायचं, दुपारी भडंग नि चहा, रात्री सकाळचीच भाकरी दुधात कुस्करून. आमराईत फिरायला जायचं पण सोडलं, कारण दिसेल तो तिचाच विषय काढायचा. अडीच महिन्यांत नऊ किलो उतरलो, बीपी १८०/११०. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, काका, गोळ्या कोण देतं तुम्हाला? तिथं खुर्चीतच रडू फुटलं मला.

नंतर वाचलं, १९६९ साली ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास छापून आला होता, पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या लग्न झालेल्या पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त, आणि त्यात हृदयविकारच जास्त. टाकोत्सुबो म्हणून पण एक प्रकार आहे, मोठ्या धक्क्यानं हृदय तात्पुरतं कमजोर होतं, दुखतं अगदी अटॅकसारखं पण नळ्यांत ब्लॉकेज सापडत नाही, वयस्कर बायकांत जास्त दिसतो. म्हणून छातीत दुखलं तर "टेन्शन आहे" म्हणून घरी बसवू नका, लगेच ईसीजी काढा. चक्करेसाठी बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही बघायला सांगा, शुगरची गोळी असेल तर उपाशीपोटी घेतात का ते पण बघा.

मुलगा पुण्यातनं रोज फोनवर "जेवलात का" विचारायचा, मी हो म्हणायचो. फरक पडला तो धाकटी बहीण तासगावहून येऊन महिनाभर राहिली तेव्हा, ती माझं ताट वाढून समोर स्वतःचं घेऊन बसायची, तिच्यासाठी तरी चार घास जायचे. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे.

आज फोन कराल तेव्हा जेवणाचं नंतर विचारा, आधी गोळ्यांची पाकिटं हातात घ्यायला सांगा आणि किती उरल्यात ते मोजून घ्या.