मुक्तछंद, मुक्तच्छंद आणि बांधावरचं वळण

प्रश्न असा आला आहे: 'मुक्तछंद लिहावं की मुक्तच्छंद? आणि छंदमुक्त कविता म्हणजे तीच की वेगळी?'

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. संस्कृतात ह्रस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो. त्यासाठी पाणिनीचं 'छे च' एवढंच दोन अक्षरांचं सूत्र आहे. म्हणून स्वच्छंद, म्हणून परिच्छेद, आणि त्याच न्यायाने मुक्तच्छंद. पण मराठीत आपण 'छत्रछाया' बिनदिक्कत लिहितो. तिथे 'छत्रच्छाया'साठी कुणी हटून बसत नाही. मग या एकाच शब्दाला का अडवायचं? मराठी लिहिताय ना, मुक्तछंद लिहा.

मला खटकतं ते दुसरंच. गेल्या काही वर्षांत एकही कविसंमेलन असं ऐकलं नाही, जिथे कुणी उठून 'आता एक मुक्तछंद सादर करतो' म्हणालं नाही. एक मुक्तछंद! छंद हा कवितेचा चालण्याचा प्रकार आहे, मोजून द्यायचा नग नव्हे. आणि त्यापाठोपाठ येतं ते साधारण असं:

आज बस
उशिरा आली म्हणून
मी चालत निघालो
तर वाटेत
तू दिसलीस

हे एका ओळीत लिहून बघा. 'आज बस उशिरा आली म्हणून मी चालत निघालो, तर वाटेत तू दिसलीस.' काय हरवलं? काहीच नाही. हे चिरलेलं गद्य आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही, पण त्याला मुक्तछंद म्हणू नका.

का म्हणू नये, ते कवितेच्या बांधीव चालीला म्हणतात त्या 'वृत्त' या शब्दात दडलेलं आहे. वर्तमानपत्रातलं वृत्त आणि भूमितीतलं वृत्त सोडून द्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुळात धातू वृत्, म्हणजे वळणं, फिरणं. वृत्त म्हणजे वळलेलं. मराठीत हा धातू घरोघर नांदतो, फक्त वेश पालटून. वर्तुलाचं 'वाटोळं' झालं. वर्त्म, म्हणजे रस्ता, त्याची 'वाट' झाली. आणि वर्तीची झाली 'वात'. माझी आजी दुपारी कापूस पुढ्यात घेऊन बसायची, पेळूला किंचित दुधाचं बोट लावायची आणि तळहातावर एक फिरकी द्यायची. वाती 'करायच्या' किंवा 'बनवायच्या' असं तिने कधी म्हटलं नाही. वाती वळायच्या. शब्दाचा मूळ अर्थ हजारो वर्षांनी तिच्या क्रियापदात जसाच्या तसा उभा होता.

आता खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमधला 'व्हेर्तेरे' हा धातू वृत् चाच सख्खा भाऊ. त्यापासून 'व्हेर्सुस' झाला. त्याचा अर्थ वळण, नांगराचं तास म्हणजे नांगरताना पडणारी चरी, आणि कवितेची ओळसुद्धा! इंग्रजीतला 'व्हर्स' तिथूनच आला. शेतकरी तास धरून बांधापर्यंत जातो, नांगर उचलतो, कासरा ओढून बैल वळवतो आणि शेजारचं तास धरतो. ओळ म्हणजे ते तास, आणि ओळ तोडणं म्हणजे बांधावरचं ते वळण. याउलट 'प्रोझ' आला सरळ पुढे जाणाऱ्या बोलण्यावरून. वृत्त आणि व्हर्स हे शब्द दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, एकाच मुळातून कवितेकडे पोचले, याचा मला आजही तितकाच आनंद होतो.

म्हणून माझं म्हणणं असं: गण सोडा, मात्रा सोडा, यमक सोडा, ओळ हवी तेवढी लांब-आखूड करा, पण बांधावर बैल वळलेच पाहिजेत. वरच्या बसच्या ओळींत ते वळत नाहीत, नुसते थांबतात. आत्ताच रचलेल्या या चार ओळी मोठ्याने वाचा:

कोण आलं आहे, दाराशी एवढ्या
रात्रीचं भिजून?
पाऊस असेल.
पाऊस असेल, दार उघड तू.

कविता म्हणून तिची किंमत राहू द्या, नुसती अक्षरं मोजा. सहा-सहांचे दोन गट, मग एक, मग एक, मग दोन. ओळ मोकळी आहे, लय धरलेली आहे. आणि 'एवढ्या'वर ओळ वळते तेव्हा कान पुढच्या शब्दाची वाट बघतो. हा मुक्तछंद.

'मुक्तछंद हे बोटीने आलेलं विलायती पीक' असं पाठ्यपुस्तकी टीकाकार सांगत आले आहेत, ते मला अजिबात मान्य नाही. फ्रेंचांची 'व्हेर लिब्र', म्हणजे मोकळी कविता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आमची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्या ओवीत तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड पडतो, पण चरणात अक्षरं किती, याला ठरीव माप नाही. कुठे आठ, कुठे बारा, कुठे त्याहून जास्त. कवी माधव जूलियन यांनी 'छन्दोरचना' या छंदशास्त्राच्या ग्रंथात वृत्त (लघुगुरूंचा क्रम ठरलेला), जाति (मात्रा ठरलेल्या) आणि छंद असे तीन वर्ग केले. त्यांतला छंद सर्वांत सैल: लघुगुरूचा जाच नाही, नुसती अक्षरसंख्या. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथांतल्या ओवीने तीही सैल केली. मुक्त व्हायला निघालेल्या कवीला मराठीत छंदच जवळचा होता, म्हणूनच नाव 'मुक्तवृत्त' न पडता 'मुक्तछंद' पडलं, असं माझं ठाम मत आहे.

हिंदी कवी निरालांनी हेच म्हटलं होतं: छंदाच्या भूमीत राहूनही मुक्त असतो तो मुक्त छंद. त्यांच्या पायाखाली कवित्त या हिंदीतल्या जुन्या छंदाची लय होती. आणि आपल्याकडे मुक्तछंद ज्यांनी रुजवला, त्या कवी अनिलांनी पुढे स्वतःहून 'दशपदी' हा दहा चरणांचा बांधीव प्रकार घडवला. त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्याने कुंपण काढलं त्यानेच नवा बांध घातला. प्रयोग करणाऱ्याला माप कळतं ते असं.

राहता राहिली छंदमुक्त कविता. जिने लयीचा गट धरायचाच नाही असं ठरवलं आहे, ती छंदमुक्त. ती वेगळी आणि जास्त अवघड, कारण तिथे वळण एकट्या अर्थाने घ्यावं लागतं.