टाके विरघळले कसे?

प्रश्न : माझी मुलगी दोनदा ‘नीट’ला बसली. आधी ४१२, मग ४६८ गुण. बारावीला पीसीबी होतं, गणित नव्हतं. आता रिपीटर बॅच लावून तिसरा अटेम्प्ट चालू आहे. लक्ष विचलित होऊ नये म्हणून मोबाईल काढून घेतला आहे. त्याआधी आजीच्या ऑपरेशननंतर टाके आपोआप कसे विरघळले, या नादात तिने चार दिवस वाया घालवले होते. हल्ली ती जेवायला खाली येत नाही, ताट वर पाठवतो. अभ्यास चालू असावा. माझा भाचा सांगतो की बायोकॉम्पॅटिबल पॉलिमरच्या संशोधनाला स्कोप आहे. शरीर स्वीकारेल असं प्लास्टिक शोधायचं, एकदा सापडलं की झालं. यंदाही एमबीबीएसला नंबर लागला नाही तर तिला ते करायला लावू. पीएचडी झाली की नावापुढे ‘डॉ.’ लागेलच. योग्य मार्गदर्शन करावे.
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : ‘ताट वर पाठवतो’ हे वाचलं आणि पॉलिमरचं मला काही सुचेना. वयात आलेली मुलगी घरात असून पंगतीला येत नाही, मोबाईल नाही म्हणजे मैत्रिणींशी बोलणं नाही, आणि तुम्ही लिहिता, अभ्यास चालू असावा. असावा? म्हणजे तुम्ही वर जाऊन पाहिलेलं नाही. आज संध्याकाळी जा. दोन ताटं घेऊन जा आणि तिच्यासोबत तिथेच जेवा. टेस्टच्या मार्कांचा विषय काढू नका. मोबाईल परत द्या. झोप लागते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. असं विचारल्याने मुलांच्या मनात भलतंच येतं, अशी भीती अनेक आईवडिलांना वाटते. ती खरी नाही. मुलगी गप्प राहिली किंवा तुम्हालाच काही सुचेनासं झालं, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा फोन करता येतो. पालकही करू शकतात. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं तर लोक काय म्हणतील, याचा विचार करू नका.

क्लास सध्या थांबवा. भरलेली फी गेली तर जाऊ द्या. वर्षभर राबून तिचे ५६ गुण वाढले, म्हणजे ती आळशी नाही. तेवढ्याने एमबीबीएसची जागा मिळाली नाही, हे तुमच्याआधी तिला कळलेलं आहे. तिसऱ्यांदा बसायचं की नाही, हे तिला ठरवू द्या, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर त्या दिवशी घरात सुतक पाळू नका.

आता तुमचं ‘करायला लावू’. मुलांना क्लास लावता येतो, संशोधन लावता येत नाही. बीएस्सीची तीन-चार वर्षं, एमएस्सीची दोन, मग पीएचडीची पाचेक. एवढा काळ माणूस स्वतःला पडलेल्या प्रश्नापायीच टिकतो. ‘डॉ.’ या एका अक्षरासाठी पीएचडीला आलेली मुलं तिसऱ्या वर्षी, प्रयोग सलग सहा महिने फसल्यावर, कशी कोमेजतात ते मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या मुलीवर ती वेळ आणू नका.

गंमत म्हणजे, तुमच्या पत्रात तिचा स्वतःचा प्रश्न आहे. तो तुम्ही वाया गेलेल्या दिवसांत जमा केला. विरघळणारा टाका हेच बायोकॉम्पॅटिबल पॉलिमर! १९७०च्या दशकापासून वापरात असलेला ‘व्हिक्रिल’ धागा ग्लायकोलाइड आणि लॅक्टाइड या दोन घटकांच्या ९०:१० प्रमाणातून बनतो. शरीरातलं पाणीच त्याच्या लांब साखळ्या तोडतं, त्यातून निघणारी आम्लं शरीर पचवतं, आणि साधारण ५६ ते ७० दिवसांत धागा नाहीसा होतो. घटकांचं प्रमाण बदललं की विरघळण्याचा काळ बदलतो. ऊती अभियांत्रिकी, म्हणजे टिश्यू इंजिनिअरिंग, इथूनच पुढे जाते. बांधकामाला परांची बांधतात, तसा पॉलिमरचा सच्छिद्र सांगाडा करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या, आणि ऊती उभी राहत जाईल तसा सांगाडा विरत जायला हवा. लवकर विरला तर सगळं कोसळतं, उशिरा विरला तर वाढीच्या आड येतो. तुमच्या मुलीने चार दिवस हाच प्रश्न धरून ठेवला होता.

‘एकदा सापडलं की झालं’ हा भाच्याने करून दिलेला समज मात्र काढून टाका. शरीराला चालणारा पदार्थ अशी सोन्यासारखी एखादी जात नसते. जैवपदार्थांचे अभ्यासक डेव्हिड विल्यम्स यांची १९८७ची व्याख्या आजही शिकवतात. तिचा आशय असा की, ठरावीक कामासाठी ठरावीक जागी वापरलेल्या पदार्थाला शरीराने योग्य प्रतिसाद दिला, तर तो जैवसुसंगत, म्हणजे बायोकॉम्पॅटिबल. जागा बदलली की उत्तर बदलतं. अतिउच्च रेणुभाराचं, म्हणजे फार लांब साखळ्यांचं चिवट पॉलिथिलीन घ्या. कृत्रिम खुब्यात ते वर्षानुवर्षं घासतं, त्याचे सूक्ष्म कण सुटतात, त्या कणांवर शरीरातल्या पेशी चवताळतात आणि आजूबाजूचं हाड झिजू लागतं. त्याच पॉलिथिलीनची चकती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेने हृदयाच्या कृत्रिम झडपेत बसवली आणि ती उत्तम चालली. पण तिथवर पोचायला डॉ. वलियाथन यांच्या गटाला दहाएक वर्षं लागली. आधीची तीन मॉडेल्स बाद झाली, चौथं डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या रुग्णाला बसलं. हा मनुष्य स्वतः हृदयशल्यविशारद होता, नावापुढे ‘डॉ.’ आधीपासूनच होतं. तरीही तीन वेळा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

वाटा थोडक्यात सांगते. गणित नसल्याने मुंबईच्या आयसीटीचं (रसायन तंत्रज्ञान संस्थेचं) पॉलिमर इंजिनिअरिंग तिला आत्ता बंद आहे. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, आयआयटीची ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा काढून पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयआयटी मुंबई किंवा श्री चित्रा, हा रस्ता उघडा आहे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षाही पीसीबीवर देता येते. जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात. ‘जॅम’च्या केमिस्ट्रीत बारावीचं गणित लागतं, तेवढं तिला सुट्टीत शिकावं लागेल. तिला यातलं काहीच नको असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

आजीला पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा मुलीलाही सोबत न्या. कोणता धागा वापरला होता आणि तोच का, हे तिला सर्जनना विचारू द्या. तुम्ही तेवढा वेळ बाहेर बाकावर बसा.