पोरांना घेऊन रानात किती चालायचं?

प्रश्न : वसंतातल्या जोडून आलेल्या सुट्टीत चार आणि नऊ वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई, असा लवाजमा घेऊन रानवाटेने फिरायचंय. ताई, दिवसभरात दहा किलोमीटर होतील का?

उत्तर : अहो, निम्मेच धरा! १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने हिशेब मांडला : सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. पण तो धडधाकट माणसांचा. माझ्या लेकीने एका गोगलगाईपाशी पाऊण तास काढला होता; शिंगाला काडी लावायची, ते आत गेलं की टाळ्या. ज्या ओढ्यापर्यंत जायचं होतं, तो राहूनच गेला. म्हणून वाट अशी निवडा, की मधूनच परत फिरता येईल. सासूबाईंनाही ते बरं.

वाटेतलं फाटक जसं सापडेल तसंच ठेवा. कोकरांच्या आणि त्यांच्या आयांच्या मध्ये शिरू नका. गवतात जमिनीवर घरटी असतात, तेव्हा पायवाट सोडू नका. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघा. दिसलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं नको.

आणि मोज्यांचा जादा जोड घ्या. दोन घ्या.